सर्व्हर शाखेत की मुख्यालयात? आधी हेलपाटे मोजू

२०० गुणिले २० म्हणजे ४,०००. अनेक शाखांच्या संस्थेने डेटाबेस सर्व्हर कुठे ठेवावा, या वादाचा निम्मा भाग एवढ्या गुणाकारात मिटतो.

नागपूरच्या शाखेत कारकून खातेक्रमांक टाकून एंटर दाबतो आणि पडद्यावर खाते उघडते. जुन्या घडणीचा प्रोग्राम एवढ्यासाठी डेटाबेसला अनेकदा विचारतो. नाव काय, सही कुठली, शिल्लक किती, वारस कोण, कर्जाचा हप्ता थकला आहे का, मागचे व्यवहार कोणते. एक प्रश्न पाठवायचा, उत्तर येईपर्यंत थांबायचे, मग पुढचा. एका पडद्यामागे असे २०० प्रश्न निघणे मुळीच नवलाचे नाही. प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या टेबलावर सर्व्हर शेजारीच असतो, त्यामुळे ही संख्या त्याला कधी टोचत नाही.

सर्व्हर शाखेतच असेल तर एका प्रश्नाचा हेलपाटा साधारण अर्ध्या मिलिसेकंदात होतो. २०० हेलपाट्यांना ०.१ सेकंद, म्हणजे कारकुनाला काही जाणवत नाही. आता हाच सर्व्हर मुंबईला नेऊ. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावतो, म्हणून दर १०० किलोमीटर अंतरामागे जाऊन-येऊन १ मिलिसेकंद लागतोच. मुंबई ते नागपूर लोहमार्गाने ८३७ किलोमीटर. फायबर त्याच मार्गाने सरळ गेली असे मानले तरी ८.४ मिलिसेकंद ही किमान किंमत झाली, आणि ती कुठल्याही कंपनीला घासाघीस करून कमी करता येत नाही. वळसे आणि मधली यंत्रे धरली की प्रत्यक्षात १५ ते २५ मिलिसेकंद लागतात. आपण २० धरू. २०० प्रश्नांचे ४,००० मिलिसेकंद, म्हणजे ४ सेकंद झाले. काउंटरपुढे माणूस उभा असताना प्रत्येक पडद्याला ४ सेकंद.

फोरजी जोडणीवर एक हेलपाटा ५० मिलिसेकंदांचा धरला तर १० सेकंद लागतात. दुर्गम शाखा भूस्थिर उपग्रहाच्या व्हीसॅटवर असेल तर हिशेब आणखी बिघडतो. तो उपग्रह विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतो. प्रश्न वर जातो, खाली येतो, उत्तर वर जाते, खाली येते. एकूण १,४३,००० किलोमीटरहून जास्त अंतर आणि त्याला जवळपास अर्धा सेकंद. यंत्रांचा वेळ मिळवून ६०० मिलिसेकंद धरले, तर त्या एका पडद्याला १२० सेकंद लागतील. दोन मिनिटांत खातेदार सही करून, चहा पिऊन परत येईल.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे जास्त बँडविड्थ विकत घेणे. ५० मेगाबिटची लाइन १०० मेगाबिटची केली तर एका वेळी जास्त माल जातो, पण हेलपाट्याचा वेळ तेवढाच राहतो. ‘सिस्टिम स्लो आहे’ अशी तक्रार आली की मुख्यालय लाइन दुप्पट करते, बिल दुप्पट होते आणि ४ सेकंदांचे ४ सेकंदच राहतात. खरा इलाज २०० या आकड्यावर आहे.

तो आकडा कमी करायचा तर प्रोग्राम आणि डेटाबेस एकमेकांना चिकटून ठेवावे लागतात. ब्राउझरमध्ये चालणाऱ्या प्रणालीत नेमके हेच होते. प्रोग्रामही मुंबईत, डेटाबेसही मुंबईत. त्यांच्यातले २०० हेलपाटे तिथल्या तिथे ०.१ सेकंदात उरकतात आणि नागपूरला फक्त तयार पडदा येतो, त्यासाठी समजा ४ हेलपाटे. २० मिलिसेकंदांच्या फायबरवर एकूण ०.१८ सेकंद, फोरजीवर ०.३ सेकंद, उपग्रहावर अडीच सेकंद. अंतर तेच, उपग्रह तोच, तरी १२० सेकंदांचे अडीच झाले.

म्हणून ‘केंद्रीय सर्व्हर म्हणजे संथ’ हे विधान अर्धवट आहे. संथ असते ती एक विशिष्ट मांडणी: डेटाबेस मुख्यालयात आणि प्रोग्राम शाखेतल्या संगणकांवर. दुर्दैवाने शाखांचे सर्व्हर बंद करताना हीच मांडणी सर्वांत सोपी वाटते, कारण फक्त डेटाबेस उचलून हलवायचा असतो. प्रोग्राम नव्याने लिहिण्याइतका पैसा नसेल तर रिमोट डेस्कटॉपने निदान पडदा तरी दूर पाठवता येतो. जुना प्रोग्राम मुख्यालयातल्या यंत्रावर चालतो, शाखेत फक्त त्याचे चित्र दिसते. दिसायला हे जुगाड आहे, हिशेबात पक्के बसते.

दुसरी भीती असते भाराची. सगळ्या शाखांचे काम एका यंत्रावर टाकले तर ते बसेल, असे संचालक मंडळाच्या बैठकीत कोणीतरी हमखास म्हणतो. रेल्वे आरक्षणाचे आकडे घेऊ. जून २०२५ मध्ये रेल्वेने सांगितले, की देशभरच्या आरक्षण प्रणालीची क्षमता मिनिटाला ३२,००० तिकिटांची आहे आणि नव्या प्रणालीत ती दीड लाखांवर न्यायची आहे. ३२,००० ला ६० ने भागले की सेकंदाला ५३३ तिकिटे, दीड लाखाला भागले की २,५००. आता ४० शाखांची एक पतसंस्था कल्पू, जिच्या प्रत्येक शाखेत दिवसाला ५०० व्यवहार होतात. एकूण २०,००० व्यवहार आठ तासांत, म्हणजे सेकंदाला ०.७. महिन्याच्या सुरुवातीच्या गर्दीत दहापट झाले तरी ७. हे काम मध्यम कुवतीचा एक सर्व्हर डुलक्या घेत करील. राज्यातल्या बहुतेक पतसंस्था, दूध संघ, शिक्षणसंस्था आणि दुकानांच्या साखळ्या याच मापाच्या आहेत. त्यांनी भाराच्या भीतीने सर्व्हर वाटून ठेवण्याचे कारण नाही.

बंद पडण्याचा हिशेब

भीती बाळगायची तर ती तुटण्याची बाळगावी. याच ४० शाखांच्या पतसंस्थेवर हिशेब मांडू. वर्षाला कामाचे ३०० दिवस आणि दिवसाचे ८ तास धरले तर प्रत्येक शाखेचे २,४०० तास होतात. शाखा किती तास ठप्प राहिली ते प्रत्येक शाखेसाठी मोजून बेरीज करायची, त्या एककाला शाखा-तास म्हणू. खालच्या टक्केवाऱ्या मी धरलेल्या आहेत. वाचकाने तिथे आपल्या संस्थेच्या टाकाव्यात.

प्रत्येक शाखेत आपापला सर्व्हर आहे आणि तो ९९.५ टक्के वेळ चालू असतो. वीज, डिस्क, व्हायरस, जिल्ह्याच्या गावाहून निघालेला आणि अजून न पोचलेला इंजिनिअर, सगळे यात आले. शाखेमागे १२ तास, ४० शाखांचे ४८० शाखा-तास.

आता केंद्रीय सर्व्हर. त्याला चांगली जागा, दुहेरी वीज आणि पगारी माणूस असल्याने तो ९९.९५ टक्के चालतो असे धरू. वर्षाला १.२ तास बंद, पण बंद पडला की चाळीसही शाखा बंद, म्हणजे ४८ शाखा-तास. इथपर्यंत केंद्रीकरण दहापट सरस दिसते. सर्व्हर विकणारा माणूस आपली स्लाइड इथेच थांबवतो. कारण पुढची ओळ लिंकची आहे. शाखेला एकच साधी ब्रॉडबँड लाइन असेल आणि ती ९९ टक्के चालत असेल, तर शाखेमागे २४ तास, चाळीसांचे ९६०. सर्व्हरचे ४८ मिळवून १,००८ शाखा-तास. शाखा-सर्व्हरच्या दुपटीहून जास्त.

दुसरी लाइन घेतली की चित्र पालटते. दोन्ही लाइन ९९ टक्क्यांच्या आणि एकमेकींशी काहीही संबंध नसलेल्या असतील, तर दोन्ही एकाच वेळी जाण्याची शक्यता दहा हजारांत एक. वर्षाला शाखेमागे जेमतेम १४ मिनिटे, चाळीसांचे ९.६ शाखा-तास. एकूण ५७.६. कागदावर फार सुंदर.

‘एकमेकींशी काहीही संबंध नसलेल्या’ हे शब्द मात्र जपून वापरावे लागतात. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी राष्ट्रीय शेअर बाजाराचे व्यवहार सकाळी ११.४० ला थांबले आणि दुपारी ३.४५ ला पुन्हा सुरू झाले. त्या दिवशी बाजार ५ वाजेपर्यंत चालवावा लागला. एनएसईने नंतर दिलेल्या स्पष्टीकरणानुसार मुख्य केंद्र आणि जवळचे पर्यायी केंद्र यांच्यात दोन दूरसंचार कंपन्यांच्या लिंक होत्या. मार्गावरच्या खोदकामामुळे आणि बांधकामामुळे दोन्ही कंपन्यांच्या लिंक डळमळल्या आणि त्यातून साठवणुकीची यंत्रणा कोलमडली. कंपन्या दोन, बिले दोन, करार दोन, पण जमीन एकच. देशातल्या सर्वांत श्रीमंत बाजाराची ही अवस्था असेल तर तालुक्याच्या बसस्थानकासमोरच्या शाखेत दोन्ही फायबर एकाच खांबावरून आलेल्या असण्याची शक्यता किती, ते बाहेर येऊन मान वर करून पाहिले की कळते. म्हणून दुसरी लाइन दुसऱ्या कंपनीची असणे पुरेसे नाही, ती दुसऱ्या प्रकारची हवी. एक जमिनीतून, दुसरी मोबाइलच्या मनोऱ्यावरून.

तरीही पूर्ण स्वातंत्र्य मिळणार नाहीच. दहापैकी एका बिघाडात दोन्ही लाइन एकत्र जातात असे धरले तर शाखेमागे वर्षाला २.४ तास, चाळीसांचे ९६. सर्व्हरचे ४८ मिळवून १४४ शाखा-तास. १,००८, ४८० आणि १४४ हे तीन आकडे शेजारी ठेवले की निष्कर्ष उघड दिसतो. एकाच लाइनवर केंद्रीकरण करणे हा तिन्हींतला सर्वांत वाईट पर्याय आहे आणि दोन वेगळ्या जातीच्या लाइन असतील तर केंद्रीकरण सर्वांत चांगला. केंद्रीकरणात मधला कुठला टप्पा नाही. दुसऱ्या लाइनचे पैसे मंजूर होत नसतील तर मी त्या संस्थेला शाखेतले सर्व्हर काढू नका असेच सांगेन.

शाखा-तास हे माप एक गोष्ट लपवते. ४८० शाखा-तास वर्षभर विखुरलेले असतात. आज एक शाखा बंद, महिन्याने दुसरी. केंद्रीय सर्व्हरचे ४८ शाखा-तास मात्र एकाच वेळी सगळीकडे कोसळतात, आणि तो दिवस पगाराचाही असू शकतो. ३१ जुलै २०२४ ला राष्ट्रीय देयक महामंडळाने म्हणजे एनपीसीआयने सी-एज टेक्नॉलॉजीज या कंपनीला रॅन्समवेअरच्या घटनेनंतर तात्पुरते अलग केले. ही कंपनी सहकारी आणि प्रादेशिक ग्रामीण बँकांना संगणक-सेवा पुरवते. सुमारे ३०० छोट्या बँकांचे ग्राहक त्यामुळे यूपीआय आणि एटीएमपासून तुटले. १ ऑगस्टला जोडणी पूर्ववत झाली. दोष त्या ३०० बँकांपैकी कोणाच्या शाखेत नव्हता. केंद्रीकरण एका संस्थेच्या चाळीस शाखांपुरते थांबत नाही, भाड्याच्या प्रणालीत ते अनेक संस्थांना एका दोरीत बांधते, हे त्या दिवशी दिसले. अर्थात तीनशे बँकांनी तीनशे वेगवेगळे सर्व्हर स्वतः सांभाळले असते तर रॅन्समवेअरला तीनशे दरवाजे मिळाले असते, हेही खरेच.

न दिसणारी मजुरी

शाखेतला सर्व्हर स्वस्त वाटतो, कारण त्याचा खर्च तुकड्यातुकड्याने आणि वेगवेगळ्या खात्यांवर पडतो. ३०० वॅटचा सर्व्हर वर्षभर अखंड चालला तर २,६२८ युनिट खातो. युनिटला १० रुपये धरले तर २६,२८० रुपये. चाळीस शाखांचे साडेदहा लाख, तेही वातानुकूलन आणि यूपीएसच्या बॅटऱ्या सोडून. हे वीजबिल शाखेच्या नावावर जाते, संगणक विभागाच्या अंदाजपत्रकात ते कधी दिसत नाही.

डिस्कचे पाहू. बॅकब्लेझ ही साठवणूक-सेवा देणारी अमेरिकी कंपनी आपल्याकडच्या अडीच लाखांहून जास्त हार्डडिस्कच्या बिघाडांचे आकडे प्रसिद्ध करते. २०२३ चा वार्षिक दर होता १.७० टक्के. चाळीस सर्व्हरांत दोन-दोन डिस्क म्हणजे ८० डिस्क, वर्षाला सरासरी १.३६ बिघाड. ती यंत्रे नीट थंड ठेवलेल्या डेटा सेंटरमधली. आपल्याकडे सर्व्हर जिन्याखाली, जुन्या पावतीपुस्तकांच्या गठ्ठ्यांशेजारी असतो.

सर्वांत बोलका आकडा बॅकअपचा. प्रत्येक शाखेचा रात्रीचा बॅकअप ९९ टक्के वेळा नीट होतो असे मानू, आणि हे फारच उदार मानणे आहे. चाळीसही शाखांचे बॅकअप एकाच रात्री नीट होण्याची शक्यता म्हणजे ०.९९ चा चाळिसावा घात: ०.६७. दर तीन रात्रींतली एक रात्र कुठल्या ना कुठल्या शाखेचा बॅकअप नसताना जाते. कोणत्या, ते बहुधा डिस्क गेल्यावरच कळते. सुरक्षेच्या मासिक दुरुस्त्यांचेही तेच: ४० सर्व्हर गुणिले १२ महिने, ४८० वेळा कोणीतरी बसून काम करायचे. मुख्य आणि पर्यायी अशा दोनच सर्व्हरांवर ते २४ वेळा.

या आकड्यांपुढे १९९० च्या दशकातल्या संस्थांना हसायचे कारण नाही. त्या काळी ६४ किलोबिटची लीज लाइन ही मिरवण्याची गोष्ट होती. तिच्यावरून १० मेगाबाइटची फाइल जायला २१ मिनिटे लागत. शाखेत सर्व्हर ठेवायचा, संध्याकाळी डे-एंड करायचा आणि दिवसाचा डेटा डायल-अपने किंवा फ्लॉपीवर मुख्यालयात पोचवायचा, हा निर्णय तेव्हाच्या गणिताला धरूनच होता. चूक आहे ती गणित बदलूनही तोच निर्णय चालू ठेवण्यात.

नोंद कोणाची?

वेग, भार, बिघाड आणि खर्च या चारही गोष्टी पैशाने सुधारता येतात. एक गोष्ट पैशाने सुधारत नाही, आणि माझ्या मते सर्व्हर कुठे ठेवायचा ते तिच्यावरून ठरवावे. एकच नोंद दोन ठिकाणांहून बदलता येते का?

खात्यात १०,००० रुपये आहेत. पती एका शाखेतून ८,००० काढतो, पत्नी त्याच मिनिटाला दुसऱ्या शाखेतून ८,०००. दोन्ही शाखांत आपापली प्रत असेल आणि प्रती रात्री जुळवल्या जात असतील, तर दोन्ही व्यवहार बिनबोभाट होतात आणि रात्री शिल्लक उणे ६,००० निघते. प्रती जास्त वेळा जुळवल्या तर धोक्याची खिडकी लहान होते, बंद होत नाही. ती बंद करायची तर प्रत्येक व्यवहाराच्या वेळी दुसऱ्या ठिकाणाला विचारावे लागते, आणि मग लिंक नसताना काय करायचे हा प्रश्न उभा राहतो. अमेरिकी संगणकशास्त्रज्ञ एरिक ब्रुअर यांनी २००० मध्ये हेच सूत्ररूपाने मांडले आणि सेथ गिल्बर्ट व नॅन्सी लिंच यांनी २००२ मध्ये ते सिद्ध केले: जाळे तुटलेले असताना एक तर सर्वांना तंतोतंत एकच उत्तर द्या किंवा सर्वांना उत्तर द्या, दोन्ही जमणार नाही. विक्रेता दोन्हीचे आश्वासन देत असेल तर करारावर सही करण्याआधी त्याला लाइन काढून दाखवायला सांगावे.

जुळवणीचा भारही शाखांच्या संख्येच्या प्रमाणात वाढत नाही, त्याहून वेगाने वाढतो. कुठल्याही दोन शाखांमध्ये व्यवहार होऊ शकत असेल तर ४० शाखांच्या ७८० जोड्या होतात, १०० शाखांच्या ४,९५०. आंतरशाखा जुळवणीच्या टेबलावर काम केलेल्या जुन्या बँक कर्मचाऱ्याला हा आकडा समजावून सांगावा लागत नाही. बँकांनी कोअर बँकिंग स्वीकारण्यामागे ‘कुठल्याही शाखेत व्यवहार’ हे जाहिरातीचे वाक्य होते, तसे हे टेबल बंद करण्याचा आनंदही होता.

नोंद एकाच जागी हवी, याचा अर्थ सगळ्या नोंदी त्याच एका जागी हव्यात असा मात्र नाही. या बाबतीत रेल्वेने केलेली रचना मला या विषयातला सर्वांत चांगला धडा वाटते. संगणकीय आरक्षण नोव्हेंबर १९८५ मध्ये नवी दिल्लीत सुरू झाले. पुढे मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि सिकंदराबाद इथे स्वतंत्र केंद्रे उभी राहिली. पाच केंद्रे, पाच डेटाबेस. मुंबईच्या खिडकीवर दिल्लीच्या केंद्राच्या गाडीचे तिकीट मागितले तर अडचण. रेल्वेच्या क्रिस या संस्थेची ‘कॉन्सर्ट’ ही प्रणाली १९९४ मध्ये सिकंदराबादला आली आणि एप्रिल १९९९ पर्यंत पाचही केंद्रे जोडली गेली.

जोडताना पाच डेटाबेसच्या पाच सारख्या प्रती केल्या नाहीत, आणि सगळे उचलून एका ठिकाणीही नेले नाही. प्रत्येक गाडीला एक घरचे केंद्र दिले. त्या गाडीच्या जागांची नोंद त्याच केंद्रात. मुंबई केंद्राच्या गाडीचे तिकीट मुंबईच्या प्रदेशातल्या खिडकीवर मागितले तर काम तिथेच होते. दिल्लीच्या गाडीचे मागितले तर मागणी दिल्लीला जाते आणि बर्थचा निर्णय दिल्लीचा सर्व्हर देतो. एक बर्थ दोघांना विकला जाण्याची वाटच बंद, कारण तो विकण्याचा हक्क एकाच डेटाबेसकडे आहे. दिल्लीचा सर्व्हर बंद पडला तर दिल्लीच्या गाड्या अडतात, मुंबईच्या चालू राहतात. केंद्रीय की स्थानिक, या प्रश्नाला रेल्वेने ‘गाडीनिहाय’ असे उत्तर दिले. जिथे नोंदींचे असे स्वाभाविक गट पडतात आणि बहुतेक काम गटाच्या आतच होते, तिथे ही रचना दोन्हींचे फायदे देते. पतसंस्थेच्या खात्यांचे असे गट पूर्वी पडत, कारण खातेदार आपल्या शाखेतच येई. मोबाइलवरून पैसे पाठवायला लागल्यावर तो कुठल्याच शाखेचा राहिला नाही.

दूध संकलन केंद्राचे उलटे आहे. सकाळच्या दोन तासांत ३०० उत्पादक आले तर प्रत्येकाला २४ सेकंद मिळतात: काटा, नमुना, फॅट, एसएनएफ, दर, पावती. लिंकमुळे प्रत्येकामागे ५ सेकंद वाढले तर रांग २५ मिनिटांनी लांबते, आणि दूध थांबत नाही. इथे स्थानिक डेटाबेसच हवा, आणि त्यात धोकाही नाही. कारण त्या केंद्राच्या दुधाची नोंद त्या केंद्राशिवाय जगात कोणीच लिहीत नाही. दोन वेळच्या ६०० नोंदी, प्रत्येकी २०० बाइट धरल्या तर दिवसाला १२० किलोबाइट. ६४ किलोबिटच्या त्या जुन्या लाइनवरूनही १५ सेकंदांत संघाकडे पोचतील. संघाला त्या दहा दिवसांच्या बिलाच्या आत मिळाल्या तरी चालते. दरपत्रक उलट्या दिशेने जाते. ते फक्त संघ लिहितो, केंद्रे फक्त वाचतात, म्हणून त्याची प्रत प्रत्येक केंद्रावर बेलाशक ठेवावी. अट एकच, की पावतीवर दरपत्रकाचा क्रमांक छापावा. नवे दर पोचायच्या आधी निघालेली पावती मग ओळखता येते.

अशा मापाच्या स्थानिक डेटाबेसला महागडा परवानाही लागत नाही. पोस्टग्रेएसक्यूएल मोफत आहे. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरच्या मोफत एक्सप्रेस प्रकारात २०२२ च्या आवृत्तीपर्यंत डेटाबेसला १० गिगाबाइटची मर्यादा होती. वरच्या केंद्राला इंडेक्सांसकट वर्षाला १०० मेगाबाइट लागले असे धरले तरी ती भरायला शंभर वर्षे जातील.

दुकानांच्या साखळीत दोन्ही प्रकार एकाच छताखाली नांदतात. बिल फाडणे हे दूध केंद्रासारखे. लिंक गेली म्हणून गिऱ्हाइकाला परत पाठवता येत नाही. बिलाचा क्रमांक शाखांमध्ये आदळू नये म्हणून तो मुख्यालयाकडून मागून घेतात, ते अनावश्यक आहे. जीएसटीच्या नियम ४६ नुसार बीजकाचा क्रमांक १६ अक्षरांच्या आत, सलग आणि आर्थिक वर्षात एकमेव असावा लागतो. पण तो एका किंवा अनेक मालिकांत असू शकतो. म्हणजे प्रत्येक दुकानाला आपली मालिका देता येते, शाखेचा संकेत पुढे लावला की काम झाले. कायद्यानेच स्थानिक सर्व्हरला जागा करून दिली आहे. ग्राहकाचे बक्षीस-गुण आणि उधारीची मर्यादा मात्र पतसंस्थेच्या खात्यासारखी, कुठूनही बदलणारी. ती एकाच जागी.

लिंक नसताना उधार द्यायचीच असेल तर तिची किंमत आधी काढून ठेवावी. ४० दुकानांत प्रत्येकी ५,००० रुपयांपर्यंत ऑफलाइन उधारीची मुभा असेल, तर एका लबाड ग्राहकामागे जास्तीत जास्त बुडीत २ लाख. मुभा फक्त त्याच्या नेहमीच्या दुकानात दिली तर ५,०००. हा निर्णय संगणकवाल्यांनी घ्यायचा नसतो. तो व्यवस्थापकाने रुपयांत घ्यायचा आणि लेखी द्यायचा.

केंद्रीय सर्व्हर ठरला की दुसरी प्रत कुठे, हे लगेच ठरवावे लागते, आणि तिथे हेलपाटा पुन्हा गाठतो. मुंबईत केलेली प्रत्येक नोंद चेन्नईत पोचल्याशिवाय पक्की मानायची नाही असे ठरवले आणि एक हेलपाटा २५ मिलिसेकंदांचा असेल, तर एकाच नोंदीवर एकापाठोपाठ एक होणारे बदल सेकंदाला ४० च्या वर जाऊ शकत नाहीत. पतसंस्थेला हे चालते, शेअर बाजाराला नाही. म्हणूनच बाजाराला तंतोतंत प्रतीसाठी जवळचे केंद्र लागते आणि आपत्तीसाठी दूरचे वेगळे. पतसंस्थेने चेन्नईची प्रत काही सेकंद मागे राहू दिली तरी चालेल, पण ते सेकंद किती हे रोज मोजायला हवे. मागे पडता पडता दोन दिवस मागे गेलेली प्रत कोणी पाहत नसेल, तर ती नसल्यात जमा.

करार करताना एक भागाकार मात्र राहून जातो. बॅकअप क्लाउडवर आहे म्हणून सगळे निर्धास्त असतात. २०० गिगाबाइटचा डेटाबेस २० मेगाबिटच्या लाइनवरून खाली उतरवायला ८०,००० सेकंद लागतात, म्हणजे २२ तास १३ मिनिटे, तेही लाइनवर दुसरे काहीच चालू नसेल तर. त्यात डेटाबेस उभा करण्याचा आणि तपासण्याचा वेळ धरलेला नाही. साधी एक्स्टर्नल डिस्क सेकंदाला १०० मेगाबाइट वाचते, तिच्यावरून तेच काम ३४ मिनिटांत होते. क्लाउडवरची प्रत आग, पूर आणि चोरीसाठी ठेवावी. रोजच्या अपघातासाठी एक प्रत सर्व्हरपासून वेगळी पण हाताशी असलेल्या कपाटात, कूटबद्ध करून, आणि प्रत घेऊन झाल्यावर तार काढून ठेवावी. तिमाहीतून एकदा ती दुसऱ्या यंत्रावर उभी करून त्या दिवशीची रोख शिल्लक रोखवहीशी जुळते का, हे लेखापालाने पाहावे.